दाजींनी दवाखान्याला जागा शोधली

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, चपला-बुटांच्या दुकानात नोकरीला होते तोवर त्यांना जागेचा प्रश्न कधी पडला नव्हता. जागा ठरलेली होती. एक बुटकं स्टूल, समोर गिऱ्हाईक आणि मधे गिऱ्हाइकाचा पाय. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या स्टुलावर काढली. लोक बढतीसाठी साहेबाचे पाय धरतात. दाजी पगारासाठी दिवसभर कुणाचेही धरायचे, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. टाच कुठल्या बाजूने झिजलीय ते बघून माणूस उभ्याने काम करतो की बसून, हे ते सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

मग दुकानाचा मालक थकला, त्याच्या मुलांनी दुकान विकून टाकलं, आणि दाजी अशा वयात घरी बसले की नवी नोकरी कुणी देत नाही आणि स्वतःला निवृत्त म्हणवून घ्यायला जीभ रेटत नाही. मालकाने निरोपाची भेट म्हणून काय द्यावं? दुकानाच्या काचेत ठेवलेला प्लास्टरचा पाय. कमरेइतका उंच, गुलाबी, पाचही बोटं ठसठशीत. माझा छोटा टेम्पो आहे, त्यातून तो मीच घरी आणला. ताईने दार उघडलं, पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाकीचा माणूस कुठाय?"

तो पाय महिनाभर बाल्कनीत उलटा पडून होता. तेवढ्यात दाजींना कुणीतरी तळपाय दाबून रोग बरे करण्याच्या शिबिराला नेलं. तिथल्या गुरुजींनी सांगितलं की आख्खं शरीर तळपायावर उमटलेलं असतं. इथे यकृत, इथे मूत्रपिंड, इथे डोळे. नेमकी जागा दाबली की तो अवयव सरळ. दाजी घरी आले ते खजिन्यावर बसून आयुष्यभर उपाशी राहिलेल्या माणसासारखे.

"अरे, हजारो यकृतं माझ्या हातातून गेली," ते मला कळवळून म्हणाले, "आणि मी मूर्ख त्यांना मोजे चढवत बसलो!"

दुसऱ्या शिबिराला प्रमाणपत्र मिळालं. ते चौकटीत बसवून भिंतीवर लागलं. त्यासाठी लग्नाचा फोटो जरा बाजूला सरकला. प्लास्टरच्या पायाचं भाग्य उजळलं. दाजींनी तो उभा करून तक्त्याप्रमाणे त्यावर रंगीत ठिपके काढले. फक्त एक अडचण आली. तक्त्यात हृदय डाव्या पायावर होतं आणि आपला पाय निघाला उजवा. दाजींनी दोन दिवस विचार केला आणि हृदयाला करंगळीखाली दाटीवाटीने जागा करून दिली.

पहिला दवाखाना घरातल्या पुढच्या खोलीतच निघाला. आता त्या घरात आधीपासून ताईचं पाळणाघर चालत होतं. नोकरदार आईबापांची पोरं सकाळी यायची, दुपारी जेवून आतल्या खोलीत रांगेने झोपायची. दाजींचा अंगठा वर्षानुवर्षं घट्ट बुटात टाचा कोंबून कमावलेला, पोलादासारखा. त्यांनी तो पहिल्या पेशंटच्या तळव्यात रुतवला तशी त्या बाईंनी अशी किंकाळी फोडली की आतली सगळी पोरं एकदम उठून भोकाड पसरून बसली.

"दुखलं? म्हणजे बिंदू सापडला," दाजी समाधानाने म्हणाले.

हे त्यांचं शास्त्र फार सोयीचं होतं. दुखलं तर बिंदू सापडला. नाही दुखलं तर रोग बरा झाला. मधे तिसरं काही नव्हतंच.

पहिला निष्ठावान पेशंट मिळाला तो याच घरात. शेजारच्या इमारतीत एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. बायको गेलेली, सून-मुलगा दिवसभर कामावर. त्यांना मधुमेह होता आणि डॉक्टरांबद्दल त्यांची मतं ठाम होती. "गोळ्या म्हणजे विष," ते सांगायचे. "मी त्यांचं तोंडही पाहत नाही." ते आठवड्यातून तीनदा यायचे, चष्मा काढून ठेवायचे आणि दाजींच्या मांडीवर पाय देऊन तासभर जगाच्या चुका सांगायचे. दाजी पाय दाबत हो ला हो करायचे. दुकानात तेच केलेलं.

एका दुपारी पाळणाघरातल्या एका मुलीची आई लवकर न्यायला आली. तिची लेक हेडमास्तरांच्या अनवाणी पायाच्या अंगठ्याला खेळण्यातल्या भांड्यातून जेवू घालत होती. तिने लेकीला उचललं आणि ती निघाली. दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही, आणि आठवडाभरात आणखी दोन मुलं गळली. ताईने रात्रीची भांडी आवरता आवरता निकाल दिला.

"अहो, या घरात एक तर माझी पोरं राहतील नाही तर तुमचे पाय. ठरवा."

तर दाजी जागेच्या शोधात निघाले, आणि इथे आमच्या गोष्टीत एजंट येतो.

हा एजंट जागा भाड्याने मिळवून द्यायचा. हातात किल्ल्यांचा जुडगा, तोंडात "साहेब" आणि प्रत्येक जागेबद्दल एकच वाक्य: "अशी जागा पुन्हा मिळणार नाही." ते खरंच असायचं, तशी जागा दुसऱ्या कुणी शोधूनही सापडली नसती. त्याची उजवी टाच दुखायची. दाजींनी ती पहिल्याच भेटीत पायरीवर बसून दाबून दिली, आणि त्यानंतर एजंट हा त्यांचा कायमचा फुकट पेशंट झाला. टाच का दुखते, याचा विचार दोघांनीही केला नाही. दाजींना घेऊन तो दिवसभर जिने चढायचा-उतरायचा, त्याने ती दुखायची. आणि टाच दाबून घ्यायची म्हणून तो दाजींना आणखी जागा दाखवायचा. एवढं सुरळीत चाललेलं चक्र मी दुसरं पाहिलं नाही.

पहिली जागा त्याने दाखवली ती शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या बरोबर समोर. औषधाचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्यामधली चिंचोळी खोली.

"साहेब, हिशेब समजून घ्या," एजंट म्हणाला. "त्या दारातून रोज शेकडो माणसं निराश होऊन बाहेर पडतात. रस्ता ओलांडला की तुम्ही."

दाजींना ते पटलं. मला पटलं नाही, पण मला कुणी विचारलं नव्हतं. मला टेम्पो आणायला सांगितलं होतं. बंद पडलेल्या सलूनमधून घेतलेली मागे कलणारी खुर्ची, बाक, पडदा, चौकट आणि प्लास्टरचा पाय असा संसार मी तिकडे नेला. सिग्नलला शेजारच्या बसमधले लोक खिडकीतून वाकून पाय बघत होते. दाजी त्यांना हात करत होते.

निराश माणसं आली, यात शंका नाही. पण ती विचारायची, "रक्त तपासायचं कुठे?" "बाथरूम कुठाय हो?" "फोन चार्ज करायला मिळेल?" रात्रभर जागलेले नातेवाईक बाकावर आडवे व्हायचे. एक गृहस्थ सरळ उपचाराच्या खुर्चीत बसले आणि दाजी पडदा सारून हात धुऊन येईपर्यंत घोरू लागले. त्यांची बायको समोर दाखल होती. दाजींनी त्यांना तसंच झोपू दिलं, आणि संध्याकाळी मला सांगितलं, "निद्रानाशाचा पेशंट होता. एका बैठकीत गुण." प्रत्यक्षात त्यांनी त्या माणसाच्या पायाला हातही लावला नव्हता.

पण एक प्रसंग मात्र मी तिथे असताना घडला, आणि तो मला हसत हसत सांगता येत नाही. एक तिशीतला माणूस कुबड्यांवर आला. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. काचेतल्या प्लास्टरच्या पायाकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "अशातले माझ्या मापाचे असतील का?"

दाजींच्या लक्षात यायला वेळ लागला. मग ते गडबडीने उठले, त्याला बसायला लावलं, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "आम्ही पाय विकत नाही. पण मी दुसऱ्या पायावरून उपचार करू शकतो. डावा दाखवा."

तो माणूस आपल्या डाव्या पायाकडे बघत राहिला. "तो चांगला आहे हो," तो म्हणाला. "त्याला कशाला त्रास?"

तो गेल्यावर दाजींनी प्लास्टरचा पाय आत पडद्यामागे नेऊन ठेवला. दोन दिवस त्यांनी तो बाहेर काढला नाही. तिसऱ्या दिवशी एजंट आला आणि म्हणाला, "साहेब, चूक माणसांची नाही, जागेची. इथे लोक आजारी येतात." दाजींनी मान वर केली. हे त्यांना कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

मग ते अशा जागी गेले जिथे लोक धडधाकट येतात. नव्या वस्तीतली काचेची इमारत, तिसरा मजला. खाली सौंदर्यप्रसाधनांचं दुकान, दुसऱ्यावर व्यायामशाळा. भिंतीला फिकट हिरवा रंग, कोपऱ्यात बांबूचं रोप, एका यंत्रातून सतत पाणी झुळझुळायचं. त्या आवाजाने पेशंटला शांत वाटतं, असं एजंटने सांगितलं होतं. पेशंटला दर दहा मिनिटांनी लघवीला जावंसं वाटायचं, हे त्याने सांगितलं नव्हतं.

लिफ्ट होती; दिसायला सुरेख. इमारतीच्या लोकांनी ती चालू करायचं मात्र मनावर घेतलं नव्हतं. मी आणि माझा एक मित्र खुर्ची जिन्याने वर नेताना दोनदा टेकलो. दाजी पुढे पाय कवटाळून चढत होते आणि वरून आम्हाला धीर देत होते.

आता बघा, दाजींचे पेशंट कोण? गुडघेवाले, कंबरवाले, दमेकरी. ते खालच्या पायरीशी यायचे, मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे बघायचे आणि काढता पाय घ्यायचे. जे तीन मजले चढून वर पोचायचे, त्यांना बरं करण्यासारखं काही झालेलंच नसायचं. त्यामुळे दाजींच्या त्या दवाखान्याचा निकाल शंभर टक्के लागला. "एकही पेशंट असा नाही," ते अभिमानाने सांगायचे, "जो इथून स्वतःच्या पायाने उतरून गेला नाही."

हेडमास्तर मात्र यायचे. प्रत्येक मजल्यावर थांबून, कठड्याला धरून, धापा टाकत. वर आले की पाय पुढे करून आधी म्हणायचे, "जरा थांबा, बोलू दे." एकदा त्यांचा चेहरा इतका पांढराफटक झाला की मी पाणी आणायला धावलो. दाजींनी त्यांच्या तळव्याच्या मधोमध अंगठा रुतवला आणि मला शांतपणे म्हणाले, "बघ, रंग परत येतोय." येत होता. आमच्यातलं कुणीही तिथवर चढून पाच मिनिटं बसलं असतं तरी आला असता.

ताई या सगळ्यात पाळणाघर चालवत होती आणि घरही. ती दाजींना टोचून बोलायची नाही. फक्त जेवायला बसलं की विचारायची, "आज किती पाय?" दाजी म्हणायचे, "आज दोन." एका माणसाचे दोन होतात, हे दोघांनाही माहीत होतं.

ती इमारत सोडली, आणि एके दिवशी एजंट लंगडत, पण धावत आला. सरकारी कचेरीच्या भिंतीला लागून एक खोली रिकामी झाली होती. दाखले, नोंदी, शिक्के सगळं त्या कचेरीत व्हायचं. सकाळपासून रांग लागायची, ती दारातून बाहेर येऊन फुटपाथवर वळसा घालायची. आत बसायला एक बाक, आणि तोही कर्मचाऱ्यांच्या डब्यांसाठी राखीव. खिडकीतला कारकून जेवायला गेला की कधी येईल ते कुणाला सांगता यायचं नाही.

दाजींनी दवाखाना उघडला आणि दारात आरामखुर्च्या मांडल्या. मग जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, नाहीतर विश्वास ठेवला नसता. रांगेतली माणसं एकमेकांना नंबर धरायला सांगून आत येऊ लागली. तास-दोन तास उभी राहिलेली, बुटात पाय सुजलेले. दाजी त्यांना खुर्चीत बसवायचे, बूट काढायचे, पाय मांडीवर घ्यायचे. बूट काढताक्षणी त्यांच्या तोंडून जो सुस्कारा निघायचा तो ऐकून पुढचा माणूस आपणहून आत यायचा.

"डॉक्टर, जादू आहे तुमच्या हातात!"

"हात निमित्तमात्र," दाजी म्हणायचे. "या जागेतच ऊर्जा आहे."

हे ते गंमत म्हणून म्हणत नव्हते. एक दिवस मी म्हटलं, "दाजी, कचेरीने चार खुर्च्या टाकल्या तर?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बाराखडी न शिकता व्याकरणावर बोलत होतो. "तुझं काम सामान वाहण्याचं," ते म्हणाले. "या विषयाला अभ्यास लागतो."

अभ्यास त्यांचा खरोखर झाला होता. बातमी पसरली. सुयावाले, चुंबकवाले, फुलांचे अर्क देणारे असे त्यांच्या बिरादरीतले लोक विचारायला येऊ लागले की ही जागा तुम्ही कशी हेरली? आणि त्यांच्या संघटनेने दाजींना व्याख्यानाला बोलावलं. विषय होता, 'जागेची निवड: यशस्वी उपचारकाची पहिली पायरी'. दाजींनी नवा कोट शिवला. मी आणि ताई मागच्या रांगेत बसलो.

ते छान बोलले, खोटं कशाला सांगू. जागेला चेहरा असतो, जागा माणसाला बोलावते, वगैरे. सभागृहात लोक माना डोलवत लिहून घेत होते. मधेच दाजी थांबले, पाणी प्यायले, पुन्हा सुरू झाले. मग मला दिसलं की टेबलाआड त्यांनी डाव्या पायाचा बूट काढलाय आणि त्या पायाचा तळवा ते टेबलाच्या खुराच्या कोपऱ्यावर जोरजोरात घासतायत. ताईने माझा दंड धरला.

"चल," ती म्हणाली. "हे आठवडाभर रोज घरी असंच करतायत. मला म्हणाले, पित्त आहे."

आम्ही पुढे जाईपर्यंत दाजी खाली बसले होते. कपाळावर घाम, जबडा आवळलेला, डावा हात उजव्या हाताने धरलेला. चुंबकवाल्याने खिशातून चुंबक काढलं, फुलांच्या अर्कवाल्या बाईंनी बाटली. ताईने दोघांनाही कोपराने बाजूला सारलं. आम्ही दाजींना धरून टेम्पोत बसवलं; मी चालवायला, मधे ताई, खिडकीशी ते.

मोठं हॉस्पिटल तिथून जवळच होतं. मी तिकडे वळलो तशी दाजींनी दातांतून शब्द काढले, "तिथे नको."

"का?"

"वॉचमन ओळखतो. समोरच दवाखाना होता माझा."

"बरं, मग पुलाखालच्या दवाखान्यात?"

"तिथली नर्स... माझ्या पेशंटची सून आहे."

"बाजारातला?"

"त्या डॉक्टरशी मी पेपरातून भांडलोय." त्यांनी डोळे मिटले. श्वास अडकत होता, पण विचार चालू होता. "वस्तीबाहेर... लांब... जिथे कुणी..."

छातीत कळ येत असताना माणूस हॉस्पिटलची जागा निवडत होता! मी गाडी चालवत होतो, मला हसावं की रडावं कळेना. ताईने आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला.

"एक शब्द बोलू नका," ती म्हणाली. "जागा मी निवडते." आणि मला म्हणाली, "तू का हळू चालवतोयस? मोठ्या हॉस्पिटलला घे."

वॉचमनने खरंच ओळखलं. "अरे, हे तर आपले पायवाले!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्याने मान वळवली. पण त्यानेच चाकांची खुर्ची आणली आणि त्यानेच दाजींना पळवत आत नेलं.

आतली डॉक्टर वयाने लहान, बोलायला तुटक. हृदयाची नळी बंद झालीय, लगेच उघडावी लागेल, मांडीतून तार घालून वर न्यायची. दाजींनी तेवढ्या कळांतही विचारलं, "तळपायातून नाही का जाता येणार?"

"तो रस्ता लांबचा आहे, काका," ती म्हणाली आणि सही कुठे करायची ते ताईला दाखवलं.

नळी उघडली. दाजी वाचले. आता खरं म्हणजे इथे माणसाने हात जोडून गप्प बसावं; पण दाजींना दुसऱ्या दिवशी वॉर्डात हलवलं आणि शेजारच्या पडद्याआडून ओळखीचा आवाज आला. तो आवाज नर्सला विचारत होता की पूर्वीच्या गोळ्या चालू ठेवायच्या का नव्या लिहून दिल्यात, कारण पूर्वीच्या सहा वर्षं बिनचूक घेतोय.

ताईने पडदा सरकवला. पलंगावर हेडमास्तर. अंगात हॉस्पिटलचा हिरवा झगा, हाताला सलाइन, पायाला भलंमोठं बँडेज.

हेडमास्तरांनी घाईने बँडेजवर चादर ओढली.

"मी इथे एकाला भेटायला आलोय," हेडमास्तर म्हणाले.

"मीही," दाजी आडवे पडूनच म्हणाले, "जागा बघायला आलोय."

मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून हसलो. इतका हसलो की एका नर्सने मला बसवून पाणी दिलं. तिला वाटलं माझं कुणीतरी गेलं.

परत आलो तेव्हा दोघांची दिलजमाई झाली होती. हेडमास्तरांच्या तळव्याला जखम झाली होती. मधुमेहात पायाला काही लागलं तर कळत नाही, आणि ती चिघळली. अंगठ्याच्या दाबाने झाली की बुटातल्या खड्याने, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि हेडमास्तरांनी सांगितलं नाही. दाजींनी मात्र दुसरंच विचारलं, छताकडे बघत.

"तुम्ही गोळ्या घेत होता, तर माझ्याकडे कशाला यायचात?"

हेडमास्तर चष्मा पुसत राहिले. "दुपारी घरी कुणी नसतं हो," ते म्हणाले. "आणि तुम्ही पाय हातात घेऊन बसायचात. माणूस पाय धरून बसला की उठून जाऊ शकत नाही. ऐकावंच लागतं."

माझ्या माहितीत एवढं उघडं निदान दाजींना कुणी कधी ऐकवलं नव्हतं.

दाजी घरी विश्रांती घेत असताना कचेरीत नवा साहेब आला. त्याने प्रतीक्षागृह बांधलं, खुर्च्या टाकल्या, पंखे लावले, आणि बरीचशी कामं घरबसल्या फोनवर होतील अशी सोय केली. रांग संपली. जागेतली ऊर्जा त्याच आठवड्यात गेली. दाजींनी आठ दिवस दार उघडून वाट पाहिली. एक म्हातारी आली, ती रस्ता चुकलेली होती. शेवटी मी टेम्पो घेऊन गेलो. खोली आता एका केक विकणाऱ्याने घेतलीय, आणि त्याचंही बरं चाललेलं नाही.

एजंट घरी आला. "साहेब, एक जागा आहे, अशी पुन्हा..."

ताई दारातच उभी राहिली. कडेवर पाळणाघरातलं एक पोर होतं. "जागा बघायला माझी काही हरकत नाही," ती म्हणाली. "पण आता दुसऱ्यांसाठी बघायच्या."

ते तिने वैतागून म्हटलं होतं. पण एजंट विचारात पडला, आणि दाजीही. अख्ख्या शहरात उपचारवाल्यांच्या जागांबद्दल दाजींएवढं कुणाला कळत होतं? प्रत्येक चूक त्यांनी स्वतः भाडं भरून केली होती. दोघांनी भागीदारी केली. आज दाजी सुयावाल्यांना, तेलवाल्यांना, रंगीत दिव्यांखाली झोपवणाऱ्यांना जागा मिळवून देतात. धंदा उत्तम आहे, कारण ती मंडळी एका जागी टिकत नाहीत. दाजी स्वतः सकाळी सरळ गोळ्या घेतात, संध्याकाळी फिरायला जातात. त्यांचा उपचारांवरचा विश्वास उडालाय का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "विश्वास आहे. जागा चुकली."

परवा मी त्यांच्याबरोबर होतो. स्फटिक ठेवून आजार घालवणारी एक मुलगी खोली बघायला आली होती. उत्साही, हातात मोजपट्टी. खिडकीतून उजेड कसा येतो, भिंतींना कुठला रंग द्यायचा, हे सगळं दाजी मन लावून सांगत होते. तळमजला घ्या, जिना नको, पाण्याचं यंत्र तर मुळीच नको. मग ते खिडकीशी गेले आणि बाहेर बोट दाखवलं.

"आणि ते बघा, हॉस्पिटल. चालत पाच मिनिटांवर. हे फार महत्त्वाचं."

मुलीचा चेहरा पडला. "पण मग माझे पेशंट तिकडेच जातील ना?"

"पेशंट कुठेही जातील हो," दाजी म्हणाले. "मी तुमच्यासाठी सांगतोय."

तिला ते कळलं नाही. भिंत मोजत तिने खोली पसंत केली.